छातीच्या दवाखान्यासाठी स्पायरोमीटर : टर्बाइन, जाळीचा की अल्ट्रासॉनिक?

माळरान

नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझा छातीच्या आजारांचा दवाखाना आहे. आजवर स्पायरोमेट्रीसाठी (फुंकेतून किती हवा किती वेगाने येते ते मोजणाऱ्या टेस्टसाठी) पेशंट जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवत आलो. बरेच जण जातच नाहीत, कारण एक दिवसाची मजुरी बुडते आणि वर गाडीभाडं. मग दम्याचं औषध अंदाजाने चालू राहतं. हे मला थांबवायचं आहे, म्हणून स्वतःचं यंत्र घेतोय.

तीन कोटेशन आली आहेत. एक टर्बाइनचं, एक जाळीच्या न्यूमोटॅकचं, एक अल्ट्रासॉनिक. तिन्ही डीलर म्हणतात की आमचं यंत्र एटीएस-ईआरएसच्या, म्हणजे अमेरिकी आणि युरोपीय श्वसनसंस्थांच्या, निकषांत बसतं. किमतीत फरक बराच आहे.

माझे पेशंट म्हणजे आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायका, कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेले लोक, टीबी बरा झाल्यावरही दम लागणारे, आणि शाळकरी मुलं. रोज आठ-दहा टेस्ट होतील. मे महिन्यात ४५ अंश, आणि लाइट कधीही जाते. किमतीचं माझं मी बघेन. सेन्सर कोणता आणि का, हे ज्यांनी वापरलंय त्यांच्याकडून हवं आहे.

---

श्वासमापी

डॉक्टर, मी पीएफटी (फुफ्फुसांच्या तपासणीच्या) लॅबमध्ये काम करते, तिन्ही प्रकार रोजच्या वापरातले आहेत. कंपनीबद्दल बोलत नाही, सेन्सरबद्दल बोलते. प्रत्येक सेन्सर आपापल्या पद्धतीने चुकतो. त्यातली कुठली चूक तुमच्या पेशंटला महागात पडेल ते पाहून यंत्र घ्यायचं.

टर्बाइन म्हणजे नळीत बसवलेली भिंगरी. आतली स्थिर पाती हवेला पीळ देतात, त्या पिळाने हलकं पातं फिरतं आणि ते इन्फ्रारेड किरणाला किती वेळा आडवं गेलं यावरून प्रवाह काढला जातो. पात्याला थोडं का होईना वजन असतं. त्यामुळे फिरायला लागण्यासाठी काही किमान प्रवाह लागतो, आणि फुंकणं थांबल्यावरही ते क्षणभर फिरत राहतं. जोराच्या फुंकेत याने फारसं बिघडत नाही. प्रश्न येतो शेपटात, म्हणजे फुंकेच्या शेवटच्या मंद हवेत.

तुमच्या चुलीवाल्या मावशींचं उदाहरण घेऊ. सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजारात) हवा पहिल्या दोन सेकंदांत थोडी जोरात येते आणि मग दहा-बारा सेकंद नुसती झिरपत राहते. समजा खरी एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात आलेली हवा, आहे १.४० लिटर आणि खरी एफव्हीसी, म्हणजे पूर्ण फुंकेतली एकूण हवा, २.१० लिटर. दोन्हींचं गुणोत्तर ०.६७, म्हणजे ०.७० च्या खाली, अडथळा आहे. आता शेपटातली १५० मिली हवा पात्याला फिरवूच शकली नाही. एफव्हीसी आली १.९५. गुणोत्तर झालं ०.७२. रिपोर्टवर अडथळा नाही. बाई घरी, इनहेलर नाही, चूल चालू.

म्हणून डीलरला सगळ्यात आधी विचारा की किती कमी प्रवाहापासून तुमचं यंत्र मोजायला लागतं. उत्तर मिलिलिटर प्रति सेकंदात मागा. 'हायली सेन्सिटिव्ह' हे उत्तर चालवून घेऊ नका.

न्यूमोटॅकची कल्पना आल्फ्रेड फ्लाइश या स्विस शरीरशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडली. बारीक समांतर नळ्यांच्या जुडग्यातून हवा शांतपणे वाहते आणि दोन टोकांच्या दाबातला फरक प्रवाहाच्या प्रमाणात असतो. जाळीच्या प्रकारात नळ्यांऐवजी बारीक जाळी असते, तत्त्व तेच. हलणारा भाग नाही, छान प्रतिसाद, कमी प्रवाहही पकडतो. पण जाळी कोरडी आणि स्वच्छ राहायला हवी. श्वासातली वाफ किंवा थुंकीचा थेंब जाळीवर बसला की अडथळा वाढतो, तेवढ्याच हवेला दाबाचा फरक जास्त दिसतो आणि यंत्र प्रवाह जास्त दाखवतं. चांगल्या यंत्रात जाळी तापवलेली असते ती याचसाठी.

अल्ट्रासॉनिकमध्ये नळीला तिरके समोरासमोर दोन सेन्सर असतात. एकाकडून दुसऱ्याकडे आणि परत असे ध्वनीचे ठोके जातात. हवेच्या दिशेने जाणारा ठोका लवकर पोचतो, विरुद्ध जाणारा उशिरा. दोन्ही वेळा हातात असल्या की गणितातून ध्वनीचा वेग निघून जातो आणि हवेचा वेग उरतो. त्यामुळे हवा दमट की कोरडी, याने प्रवाहाच्या आकड्याला फारसा धक्का लागत नाही. बऱ्याच यंत्रांत पेशंट टाकाऊ नळीत फुंकतो आणि नळीच्या बाजूच्या जाळीदार खिडक्यांतून ध्वनी जातो. श्वास सेन्सरला लागतच नाही. टीबीचे जुने पेशंट बघता तुमच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

तुमच्या पेशंटसाठी माझं मत अल्ट्रासॉनिकला.

---

आगगाडी

बायोमेडिकल इंजिनियर आहे, दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. श्वासमापी, टर्बाइनवर जरा अन्याय झाला. तुम्ही सांगितलेली चूक खरी आहे, पण चांगल्या टर्बाइनचा सुरुवातीचा प्रवाह बराच खाली आणलेला असतो, आणि टर्बाइनला शून्य सेट करावं लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात हा फायदा छोटा नाही.

कारण बघा. जाळीच्या यंत्रात दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर असतो आणि तो प्रत्येक टेस्टआधी 'आत्ता प्रवाह शून्य आहे' असं धरून स्वतःला लावून घेतो. त्या क्षणी टेबलफॅनची झुळूक नळीतून गेली तर? समजा शून्य फक्त १० मिली प्रति सेकंदाने सरकलं. टेस्ट १५ सेकंद चालली तर एफव्हीसीत १५० मिलीची भर किंवा घट. दोन फुंकांमधली एफव्हीसी जुळायची मर्यादाच मोठ्यांसाठी १५० मिली आहे. म्हणजे सगळी मर्यादा पंख्याने खाल्ली.

ओळखायची खूण सांगतो. पेशंटची हवा संपलीय, चेहऱ्यावर दिसतंय, आणि पडद्यावरची व्हॉल्यूम-टाइम रेषा (वेळेगणिक एकूण किती हवा आली ती) सरळ तिरकी वर चढतेच आहे, आडवी होत नाही. किंवा आडवी होऊन हळूहळू खाली उतरतेय. असा आलेख दिसला की पेशंटला पुन्हा फुंकायला लावू नका, आधी शून्य लावा. शून्य लावताना पंखा बंद, नळी स्थिर आणि तोंड हाताने झाकलेलं. अल्ट्रासॉनिकलाही सुरुवातीला शून्य बघावं लागतं, तेव्हा पंख्याचा नियम तिथेही पाळा.

---

जाईजुई

मी कोकणात प्रॅक्टिस करते. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीलाही पाणी सुटतं, तर जाळीचं काय विचारता. श्वासमापींनी जे लिहिलंय त्याचं प्रत्यक्ष रूप असं दिसतं : पहिली फुंक २.४० लिटर, दुसरी २.५५, तिसरी २.७०. टेक्निशियन खूश होते, म्हणते पेशंटला जमायला लागलं. आणि सॉफ्टवेअर सगळ्यात मोठी फुंक रिपोर्टला घेतं.

पेशंट शिकतोय की जाळी ओली होतेय, हे कसं ओळखायचं? तिथल्या तिथे तपासणीची सिरिंज (ठरावीक तीन लिटर हवा ढकलणारा मोठा पंप) जोडायची. तीन लिटर ढकलून ३.२० आले तर जाळीचा दोष. एफईव्ही-१ आणि पीक फ्लो (फुंकेतला सर्वाधिक वेग) दोन्ही एकाच प्रमाणात चढत असतील तरी मला शंका येते.

फिल्टरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. प्रत्येक पेशंटला नवा जिवाणू-विषाणू फिल्टर लावायचा असेल तर त्याचाही अडथळा मोजणीत येतो. निकषाप्रमाणे १४ लिटर प्रति सेकंदापर्यंतच्या प्रवाहाला सेन्सर, नळी, फिल्टर सगळं मिळून अडथळा १.५ सेंमी पाणी प्रति लिटर प्रति सेकंदाच्या आत हवा. स्वस्तातला घट्ट फिल्टर लावला की ज्याची फुंक जोरदार आहे त्याचा पीक फ्लो दाबला जातो. आणि फिल्टर लावून टेस्ट करणार असाल तर रोजची तपासणीही फिल्टर लावूनच करायची.

---

माळरान

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. दोन शंका.

अल्ट्रासॉनिकचा डीलर म्हणतो, याला कॅलिब्रेशन लागतच नाही, सिरिंजचा खर्च कशाला करता. दुसरं, आमच्याकडे जानेवारीच्या सकाळी खोलीत १५ अंश आणि मेमध्ये एसी नसेल तर ४२. याचा आकड्यांवर परिणाम होतो का?

---

श्वासमापी

पहिल्या शंकेवर मी ठाम आहे. डॉक्टर, सिरिंज घ्याच. शक्य असेल तर कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ म्हणून लिहून घ्या, म्हणजे नंतर 'स्टॉकमध्ये नाही' होणार नाही.

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचा गुणक बदलणं. ते अल्ट्रासॉनिकला आणि बऱ्याच टर्बाइनना लागत नाही, डीलर तिथपर्यंत बरोबर आहे. तपासणी म्हणजे यंत्र आज खरं बोलतंय का हे बघणं. ती प्रत्येक यंत्राला, वापराच्या प्रत्येक दिवशी लागते. एटीएस-ईआरएसच्या २०१९ च्या निकषांत हे स्पष्ट आहे : तीन लिटरची सिरिंज, हळू-मध्यम-जोरात अशा वेगवेगळ्या प्रवाहांना, आणि उत्तर तीन टक्क्यांच्या आत. म्हणजे २.९१ ते ३.०९ लिटर. 'बोल्ड' या सीओपीडीच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मुंबई आणि पुणे ही केंद्रं होती. तिथे हातात धरायचं अल्ट्रासॉनिक यंत्र वापरलं गेलं आणि तरीही सिरिंजने तपासणी होत होती. ज्या यंत्राला कॅलिब्रेशन लागत नाही म्हणतात त्याच जातीचं यंत्र.

सिरिंजने फक्त जोरात ढकलून समाधान मानू नका. टर्बाइनचा दोष जोरात ढकलल्यावर दिसतच नाही. पूर्ण सहा सेकंद घेऊन हळू ढकला, म्हणजे अर्धा लिटर प्रति सेकंद. तिथे आकडा घसरला की समजा पात्यात केस, धूळ किंवा वाळलेली थुंकी आहे.

तापमानाचं. फुफ्फुसातली हवा ३७ अंशांची आणि वाफेने भरलेली. खोलीच्या तापमानाला आली की आकुंचन पावते. म्हणून यंत्र बीटीपीएस नावाचा गुणक लावतं. खोलीच्या तापमानाच्या, वाफेने भरलेल्या हवेसाठी तो २० अंशांना १.१०२, २५ ला १.०७५, ३० ला १.०४५ असा उतरत जातो. आत ओढलेल्या हवेला तो जवळपास पूर्ण लागतो. बाहेर फुंकलेली हवा सेन्सरपर्यंत किती थंड होते ते यंत्राच्या रचनेवर आहे, ते गणित कंपनीने आत घातलेलं असतं. पण त्या गणिताला खोलीचं तापमान बरोबर कळायला हवं. यंत्र आत्ताच बॅगेतून किंवा गाडीच्या डिकीतून काढलं असेल तर आतला थर्मामीटर खोटं सांगतो. अर्धा तास खोलीत ठेवून मग सुरू करा. आणि माहितीपत्रकात 'चालवण्याचं तापमान' बघा, बहुतेक यंत्रांची वरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. तुमच्या मेमध्ये टेस्ट सकाळी लवकर ठेवाव्या लागतील, नाहीतर त्या खोलीला एसी.

एक सांगायचं राहिलं : सिरिंजची तपासणी सॉफ्टवेअरच्या तपासणीच्याच पर्यायात करायची. पेशंटच्या पर्यायात सिरिंज ढकलली तर यंत्र तिच्या हवेलाही गुणक लावतं, आकडा वर जातो आणि लोक चांगल्या यंत्राला नावं ठेवतात.

---

कृष्णाकाठ

इचलकरंजी परिसरात कामगारांच्या आरोग्यतपासणीचं काम करते. आमच्या कामात एकाच माणसाची स्पायरोमेट्री दर वर्षी होते आणि यंदाच्या आकड्याची गेल्या वर्षीशी तुलना होते. सुतातल्या धुळीने काय केलं ते त्यातूनच कळतं.

मध्यमवयीन निरोगी माणसाची एफईव्ही-१ वर्षाला साधारण २५ ते ३० मिलीने कमी होते. तीन लिटर एफईव्ही-१ असलेल्या कामगाराला तीन टक्के म्हणजे ९० मिली. एका वर्षी एक यंत्र, पुढच्या वर्षी स्वस्त पडलं म्हणून दुसऱ्या एजन्सीचं दुसरं यंत्र, दोन्ही निकषांत बसणारी, तरी त्यांच्यातला फरक तीन वर्षांची घट झाकू शकतो किंवा नसलेली घट दाखवू शकतो. त्या कागदावर माणसाची नोकरी आणि नुकसानभरपाई ठरते, म्हणून मला याची फार चीड येते. डॉक्टर, तुमचे जिनिंगवाले पेशंट याच गटातले. एकदा यंत्र घेतलं की तेच ठेवा, आणि बदलायची वेळ आलीच तर काही दिवस दोन्हीवर तेच निरोगी लोक फुंकवून फरक लिहून ठेवा.

तशीही आठवड्यातून एकदा दवाखान्यातल्या एका निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या माणसाची टेस्ट करून वहीत नोंदवत जा. सिरिंजची हवा कोरडी आणि खोलीच्या तापमानाची असते. माणसाची हवा गरम आणि ओली. सिरिंजला न दिसणारा बिघाड माणसाला दिसतो.

---

अवकाळी

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. डॉक्टरांनी घरी पीक फ्लो मीटर ठेवायला सांगितलंय. त्यालाही हे सगळं लागू आहे का? ऑनलाइन आकड्यांच्या दोन वेगवेगळ्या पट्ट्यांचे मीटर दिसतात.

---

टेम्सकाठ

अवकाळी, इथे इंग्लंडमध्ये श्वसनविभागात काम करतो. तुमच्या घरच्या मीटरला सिरिंज वगैरे काही लागत नाही. त्याचं काम वेगळं आहे. तो निदानाचा एकेक आकडा देण्यासाठी नाही, तिच्याच आकड्यांची तिच्याशीच तुलना करण्यासाठी आहे. सकाळ-संध्याकाळ, उभं राहून, तीन वेळा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या फरकाची सरासरी मुलांमध्ये १३ टक्क्यांच्या वर जात असेल (मोठ्यांमध्ये १० टक्के) तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

पट्ट्यांचं तुम्ही बरोबर पाहिलंत. जुनी राइट पट्टी १९५९ च्या मूळ मीटरवरून आलेली, आणि ती मधल्या प्रवाहांना जास्त आकडा दाखवते. इथे सप्टेंबर २००४ पासून सगळे मीटर नव्या युरोपीय पट्टीवर नेले. एकाच फुंकेला दोन पट्ट्यांवर वेगळा आकडा येतो. म्हणून एकच मीटर ठेवा, हरवला तर त्याच पट्टीचा घ्या, आणि डॉक्टरांचा अपेक्षित आकड्यांचा तक्ता कोणत्या पट्टीचा आहे ते विचारा. मुलीसाठी कमी मर्यादेचा, मुलांचा मीटर घ्या. मोठ्यांच्या मीटरवर तिचा काटा पट्टीच्या खालच्या टोकालाच घुटमळेल आणि फरक वाचता येणार नाही.

---

आगगाडी

माळरान, डेमोला डीलर आला की तोच कुणाला तरी फुंकायला लावतो, तोही बहुधा धडधाकट कर्मचारी. त्याने काहीच कळत नाही. सिरिंज त्यालाच आणायला सांगा, आणि तुम्ही वापरणार तोच फिल्टर किंवा नळी लावून तीन वेगांना ढकला. हळूची वेळ घड्याळावर धरा. मग तुमचा एखादा जुना सीओपीडीचा पेशंट बोलावून पूर्ण १५ सेकंद फुंकवा आणि दोन्ही आलेख छापून मागा, फ्लो-व्हॉल्यूम (किती हवेला किती वेग) आणि व्हॉल्यूम-टाइम. शेवटच्या एका सेकंदात बदल २५ मिलीच्या आत आला की रेषा आडवी झाली असं धरतात. यंत्र हे स्वतः दाखवतं का ते बघा. नुसते आकडे छापणारं यंत्र घेऊ नका.

टाकाऊ नळ्यांची किंमत आणि पुरवठा लेखी घ्या. अल्ट्रासॉनिकची नळी बहुतेक त्याच कंपनीची लागते. पावसाळ्यात कुरिअर अडकलं आणि नळ्या संपल्या तर यंत्र कपाटात. बॅटरीवर किती टेस्ट होतात तेही विचारा. तुम्ही लाइट जाण्याचं लिहिलंच आहे.

---

माळरान

तिन्ही डेमो झाले. तुम्ही सांगितलं तसं केलं.

टर्बाइन : जोरात ३.०२, मध्यम २.९८, सहा सेकंदात २.८४. डीलरने पातं धुऊन पुन्हा लावलं, मग हळूला २.९३ आले. म्हणजे स्वच्छ असेल तर बसतं, पण आमच्या धुळीत रोज कोण धुणार हा प्रश्न आहे. जाळीचं यंत्र सिरिंजवर तिन्ही वेगांना उत्तम, मात्र ते संगणकाशिवाय आणि लाइटशिवाय चालत नाही. अल्ट्रासॉनिक २.९७, ३.०१, ३.०३, आणि बॅटरीवर.

एक जुने पेशंट बोलावले होते, बासष्टीचे. आमच्या सिस्टर 'फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका' म्हणत होत्या. आजोबांनी चौदा सेकंद फुंकलं. अल्ट्रासॉनिकच्या आलेखावर दहाव्या सेकंदानंतरही रेषा हलक्या चढणीने वर जाताना दिसली, तेराव्याला आडवी झाली. टर्बाइनवर तेच आजोबा, थोडी विश्रांती देऊन. रेषा नवव्या सेकंदाला सपाट. शेपूट म्हणजे काय ते कागदावर बघितलं.

अल्ट्रासॉनिक घेतोय, सिरिंजसह, वर्षभराच्या नळ्या लेखी दरात. शेवटची शंका : सिरिंज कुठे ठेवू? आमचं औषधांचं कपाट एसीच्या खोलीत आहे, टेस्ट शेजारच्या खोलीत होतील.

---

श्वासमापी

यंत्राशेजारीच ठेवा, टेस्टच्या खोलीत, उन्हापासून लांब. एसीतून आणलेल्या सिरिंजमधली हवा गरम खोलीत प्रसरण पावते आणि आकडा चुकतो. ढकलताना नळकांड्याला हाताचा विळखा घालू नका, हाताने तापतं, दांडा आणि टोक धरा. महिन्यातून एकदा टोक तळहाताने बंद करून दांडा दाबून बघा, हळूहळू आत गेला तर गळती आहे. हातातून पडली तर त्याच दिवशी कंपनीकडे पाठवा, आणि पडली नाही तरी वर्षातून एकदा तिचं प्रमाणपत्र नवं करून घ्या. वही उघडली असेल तर पहिल्या पानावर सिरिंजचा क्रमांक, खोलीचं तापमान आणि तिन्ही वेगांचे आकडे लिहा. सिस्टरनाही ढकलायला शिकवा, सुट्टीच्या दिवशी तुमच्यावाचून अडायला नको.